दोन कोटींचा मेसी, साठ लाखांची तिजोरी : एमएलएसच्या क्लबांचं गणित कुठे अडतं

२०२५ च्या हंगामात लिओनेल मेसीला इंटर मायामीकडून मिळणारा हमीचा वार्षिक मोबदला २ कोटी ४ लाख डॉलरच्या आसपास होता. त्याच हंगामात मेजर लीग सॉकरने, म्हणजे एमएलएस या अमेरिका-कॅनडातल्या फुटबॉल लीगने, प्रत्येक क्लबच्या मुख्य संघाच्या पगारावर घातलेली मर्यादा होती ५९ लाख ५० हजार डॉलर. एकट्या खेळाडूचा पगार अख्ख्या संघाच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि तरी नियम कुठेही मोडलेला नाही. हे कसं जमतं ते कळलं की या लीगमधल्या क्लबांचे हात कुठेकुठे बांधलेले आहेत, तेही आपोआप कळतं.

सुरुवात एका जुन्या धास्तीपासून करावी लागते. अमेरिकेत एमएलएसच्या आधी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग होती, १९६८ मध्ये सुरू झालेली. न्यूयॉर्क कॉसमॉसने १९७५ मध्ये पेलेला आणलं, गर्दी लोटली, आणि मग बाकीचे क्लबही ऐपत नसताना नावाजलेले खेळाडू आणायच्या मागे लागले. लीग भराभर वाढवली गेली. मिळकत मात्र त्या वेगाने वाढली नाही, क्लब एकामागून एक बंद पडले आणि १९८४ चा हंगाम शेवटचा ठरला. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेला देताना फिफाने व्यावसायिक लीग सुरू करण्याचं वचन घेतलं होतं. त्यातून १९९३ मध्ये एमएलएसची स्थापना झाली आणि १९९६ मध्ये दहा संघांनिशी पहिला हंगाम झाला. कॉसमॉसच्या पायी जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं नव्या लीगच्या मंडळींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून रचनाच वेगळी केली. इथे क्लब हा स्वतंत्र मालमत्ता नसतो. सगळी लीग मिळून एक कंपनी, मालक तिचे भागीदार, आणि प्रत्येकाला एकेक संघ चालवायचा हक्क. खेळाडूचा करार क्लबशी होत नाही, लीगशी होतो. खेळाडूंनी याला न्यायालयात आव्हान दिलं होतं, २००२ मध्ये अपिलातही ते हरले. या रचनेने लीग जगवली हे मान्य करायलाच हवं. २००१ च्या हंगामानंतर टॅम्पा बे आणि मायामी हे दोन संघ बंद करावे लागले होते आणि उरलेल्या दहा संघांचा भार तीनच मालकांवर होता. त्यातले सहा तर फिलिप ॲन्शुट्झ या एकट्या उद्योगपतीकडे. खर्चाला वेसण नसती तर त्याच वर्षी गाशा गुंडाळला असता.

आज संघ तीस आहेत. २००७ मध्ये टोरंटोने प्रवेशासाठी १ कोटी डॉलर भरले होते. २०२५ मध्ये उतरलेल्या तिसाव्या संघाने, सॅन डिएगोने, ५० कोटी. घर बदललं, पण कुलूप तेच राहिलं. क्लबांच्या बहुतेक अडचणी त्या कुलपाशी येऊन थांबतात.

पगाराचं गणित

आपल्याकडे आयपीएलमुळे पर्स हा शब्द सगळ्यांना माहीत झाला आहे. खेळाडू जितक्याला घेतला तितके पैसे पर्समधून जातात, हिशेब संपला. एमएलएसमध्ये खेळाडूला प्रत्यक्ष मिळणारी रक्कम आणि त्याच्या नावावर मर्यादेत धरली जाणारी रक्कम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या रकमेला आपण 'आकार' म्हणू.

संघात जास्तीत जास्त ३० खेळाडू. त्यातल्या पहिल्या २० जणांचा आकार २०२५ मध्ये ५९ लाख ५० हजारांत बसायला हवा होता. २१ ते ३० या जागांवरचे खेळाडू हिशेबाबाहेर. एका खेळाडूचा आकार २०२५ मध्ये जास्तीत जास्त ७ लाख ४३ हजार ७५० डॉलर. प्रत्येक क्लबला जास्तीत जास्त तीन 'डेझिग्नेटेड प्लेयर', म्हणजे तारे, ठेवता येतात. त्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून कितीही द्यावेत, मर्यादेत मात्र वरचा आकडाच मोजायचा. हा नियम २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅमसाठी आला. मेसी दोन कोटी घेतो आणि कागदावर साडेसात लाखांचाही नसतो, तो याच नियमामुळे.

आता वजाबाकी करा. तीन तारे धरले की २२ लाख ३१ हजार २५० गेले. उरले ३७ लाख १८ हजार ७५०, आणि भरायच्या आहेत सतरा जागा. माणशी सरासरी २ लाख १८ हजार ७५० डॉलर. २०२५ चा किमान पगार १ लाख ४ हजार. युरोपातल्या दुय्यम लीगमधला बरा बचावपटूसुद्धा या सरासरीत यायला तयार होत नाही. पुढे तिघे जागतिक दर्जाचे आणि मागे चुकांवर चुका करणारा बचाव, असे संघ एमएलएसमध्ये वारंवार दिसतात, त्याचं मूळ या वजाबाकीत आहे. प्रशिक्षकाला शिव्या घालण्याआधी ती करून पाहावी.

ट्रान्सफर फीमुळे गाठ आणखी आवळते. समजा, एका मिडफिल्डरचा पगार ५ लाख आहे आणि त्याला आणायला १२ लाख फी दिली, करार तीन वर्षांचा. फी वर्षांत विभागली की दरसाल ४ लाख. म्हणजे त्याचा आकार झाला ९ लाख, कमाल मर्यादेपेक्षा १ लाख ५६ हजार २५० जास्त. आता दोनच वाटा: त्याला ताऱ्याची जागा द्या, नाहीतर वरची रक्कम 'ॲलोकेशन मनी'तून भागवा.

ॲलोकेशन मनी हे लीगने प्रत्येक क्लबला ठरावीक प्रमाणात दिलेलं अंतर्गत चलन आहे, आणि एमएलएसचं खरं राजकारण इथे चालतं. त्याचा एक प्रकार सर्वसाधारण, दुसरा ठरावीक कामापुरता. त्याने खेळाडूचा आकार खाली आणता येतो. ६ लाखांच्या खेळाडूवर २ लाख खर्च केले की तो कागदावर ४ लाखांचा. सर्वसाधारण प्रकार दुसऱ्या क्लबला देऊन खेळाडूही घेता येतो. वर्षानुवर्षं लीगमधली देवघेव याच चलनात व्हायची. खरा पैसा देऊन दुसऱ्या क्लबकडून खेळाडू घ्यायची मुभा २०२५ मध्ये मिळाली आणि सिनसिनाटीने लगेच १ कोटी २० लाख मोजून पोर्टलँडचा एव्हांडर उचलला.

यात तरुण खेळाडूंना वेगळी सूट आहे. वय वीस किंवा कमी असेल तर ताऱ्याचा आकार फक्त दीड लाख, एकवीस ते तेवीस असेल तर दोन लाख. फी कितीही असो. दक्षिण अमेरिकेतली विशीतली पोरं इथे एवढ्या संख्येने का येतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. २०२४ च्या मध्यापासून क्लबला आणखी एक निवड करावी लागते: तीन तारे आणि त्यांच्याखेरीज सवलतीतले तीन तरुण, किंवा दोन तारे, चार तरुण आणि वर २० लाखांपर्यंत जादा ॲलोकेशन मनी. ज्याची शोधमोहीम पक्की आहे तो दुसरा पर्याय घेतो. ज्याला तिकिटं विकायची आहेत तो पहिला.

बिघडतं कुठे? बहुधा तीन ठिकाणी. तारा जायबंदी झाला की त्याच्या जागी माणूस घेता येतो, पण त्याचा आकार मर्यादेतून उतरत नाही. फसलेला करार मोडून मोकळं व्हायची मुभा मोजकीच असते, त्यामुळे तिशी ओलांडलेल्या खेळाडूला तीन वर्षांचा करार देऊन बसलेला क्लब तीन वर्षं अडकतो. आणि परदेशी खेळाडूंच्या जागा संपतात. क्लबामागे आठ जागा ठरलेल्या आहेत. त्या क्लब आपसांत विकतात. अमेरिकेतल्या क्लबांकडे यावर हमखास तोड आहे, ती म्हणजे ग्रीन कार्ड. खेळाडूला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की तो देशी धरला जातो आणि जागा मोकळी होते. म्हणून हंगामाच्या मध्यावर व्यवस्थापक प्रशिक्षकापेक्षा इमिग्रेशन वकिलाला जास्त फोन करत असतो, असं म्हटलं तर फारसं वावगं ठरणार नाही.

मोह अनावर झाला तर काय होतं, याचा धडा २०२१ चा आहे. इंटर मायामीकडे तीन तारे आधीच असताना ब्लेझ मात्विदीलाही तारा धरायला हवं होतं, हे लीगच्या चौकशीत उघड झालं. आणखी खेळाडूंच्या मोबदल्याची माहितीही अपुरी दिलेली निघाली. क्लबला २० लाखांचा दंड झाला. पण खरा फटका वेगळाच होता: २०२२ आणि २०२३ या दोन हंगामांच्या ॲलोकेशन मनीतून २२ लाख ७१ हजार २५० डॉलर कापले गेले. अब्जाधीश मालकाला दंडाचं काय! कापलेली ॲलोकेशन मनी मात्र त्याला स्वतःच्या पैशाने भरून काढता येत नाही.

मैदान कोणाचं?

पगाराच्या नियमांवर चर्चा फार होते. क्लब जगतो की तगमगतो हे मात्र स्टेडियमवर ठरतं. टीव्हीचं उत्पन्न सगळ्यांत वाटलेलं आणि तुलनेने थोडं असल्यामुळे क्लबचा संसार सामन्याच्या दिवसावर चालतो: तिकीट, पार्किंग, खाणं-पिणं, कॉर्पोरेट बॉक्स, स्टेडियमला दिलेल्या नावाचे पैसे, सामने नसताना होणारे संगीताचे कार्यक्रम. घरचे साखळी सामने सतराच. मैदान स्वतःचं असेल तर हे सगळं आपलं. भाड्याचं असेल तर तिकिटाखेरीज बाकीच्यात मैदानाच्या मालकाचा वाटा, आणि तारखाही त्याच्या सोयीने.

सुरुवातीला संघ अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये खेळायचे. साठ हजार खुर्च्यांत पंधरा हजार माणसं बसली की टीव्हीवर स्मशानकळा दिसते. १९९९ मध्ये कोलंबसने सॉकरसाठी खास, छोटं स्टेडियम बांधलं आणि सगळ्यांना वाट सापडली. पण पुढच्या लाटेत एक चूक बऱ्याच जणांनी केली. जमीन स्वस्त म्हणून शहरापासून लांब उपनगरात बांधलं.

शिकागो फायरचं उदाहरण मुळातून पाहण्यासारखं आहे. २००६ मध्ये त्यांचं स्टेडियम ब्रिजव्ह्यू नावाच्या, सोळा-सतरा हजार वस्तीच्या उपनगरात उभं राहिलं. बांधलं ते गावाने, कर्जरोखे काढून. शहराच्या मध्यापासून तिथे लोकल रेल्वे थेट जात नाही. सामने पाहणारा तरुण वर्ग शहरात राहणारा. शनिवारी संध्याकाळी तासभर गाडी हाकत कोण जाणार? प्रेक्षक आटले, गाव कर्जात रुतलं, घरपट्टी वाढली. २०१९ नंतर क्लबने ६ कोटींहून जास्त डॉलर मोजून भाडेकरार मोडला आणि शहरातल्या सोल्जर फील्डवर परतला, पुन्हा भाडेकरू म्हणून. २०२५ च्या जूनमध्ये मालक जो मॅन्सुएटो यांनी शहराच्या मध्यात ६५ कोटींचं स्टेडियम स्वखर्चाने बांधायचं जाहीर केलं. एका चुकीच्या जागेने क्लबची वीस वर्षं खाल्ली.

न्यूयॉर्क सिटी एफसीची तऱ्हा आणखी वेगळी. ज्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा मोठा हिस्सा विकत घेतला होता, त्याच समूहाचा हा क्लब. पैशाची ददात नाही, तरी २०१५ पासून बेसबॉलच्या मैदानांवर खेळतोय. बेसबॉलचं मैदान पाचर कापल्यासारखं असतं. त्यात सॉकरचा आयत बसवला की तो जेमतेम बसतो आणि काही प्रेक्षक खेळापासून कोसभर लांब राहतात. क्वीन्समध्ये २५ हजार खुर्च्यांचं त्यांचं स्टेडियम २०२७ साठी बांधलं जातंय.

व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स तर चांगलं खेळूनही अडचणीत. बीसी प्लेस हे प्रांतिक सरकारच्या महामंडळाचं स्टेडियम, क्लब तिथे भाडेकरू. मिळकत कॅनडाच्या डॉलरमध्ये, पगार अमेरिकेच्या डॉलरमध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये मालकांनी क्लब विक्रीला काढला. पुढच्याच वर्षी संघ खंडीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि एमएलएस कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्याही, जिथे मायामीने त्यांना ३-१ हरवलं. मैदानावरच्या यशाने भाडेकराराची कलमं बदलत नाहीत.

अशा वेळी मालकाच्या मनात स्थलांतर येतं. २०१७ मध्ये कोलंबस क्रूच्या मालकाने संघ ऑस्टिनला न्यायचा घाट घातला. चाहत्यांनी मोहीम उभारली, ओहायो सरकारने सार्वजनिक पैसा घेतलेल्या क्लबांना अडवणाऱ्या राज्यातल्या कायद्याच्या आधारे दावा ठोकला, नवे मालक मिळाले आणि २०२१ मध्ये शहराच्या मध्यात नवं स्टेडियमही झालं. पुणेकरांना हे वाचताना एफसी पुणे सिटी आठवेल. २०१९ मध्ये तो क्लब गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली; इथे आधाराला तसा कायदाही नव्हता.

मेसी आला, पुढे काय?

२०२४ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीने मायामीविरुद्धचा सामना आपल्या छोट्या स्टेडियममधून ॲरोहेड या अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियमवर हलवला आणि ७२ हजार ६१० माणसं आली. एका सामन्याने तिकीटखिडकीचं वर्ष उजळतं. पण पुढच्याच महिन्यात व्हँकुव्हरने मायामीविरुद्धच्या सामन्याची चढ्या दराने तिकिटं विकली आणि मेसी, सुआरेझ, बुस्केट्स आलेच नाहीत. चाहत्यांची समजूत काढायला क्लबने स्टेडियममधलं खाणं निम्म्या किमतीत दिलं. पाहुण्या संघाच्या एका खेळाडूवर अंदाजपत्रक बेतणं म्हणजे पावसावर बेतलेली शेती. शहाणे क्लब त्या सामन्याचं तिकीट सुटं न विकता दोन-तीन सामन्यांच्या पॅकेजमध्ये घालतात, म्हणजे नवखा प्रेक्षक निदान आणखी एकदा तरी येतो.

टीव्हीचं थोडक्यात. २०२३ पासून ॲपलशी दहा वर्षांचा, एकूण २५० कोटींचा करार झाला होता. वर्षाला २५ कोटी म्हणजे तीस क्लबांत भागले तर प्रत्येकी ८३ लाखांच्या आसपास, आणि त्यात प्रक्षेपणाच्या निर्मितीचा खर्च लीगकडेच. शिवाय प्रत्येक क्लबचं स्थानिक वाहिनीवरचं प्रक्षेपण बंद झालं. चाहत्याने वेगळी वर्गणी भरली, पण चॅनल बदलता बदलता थबकणारा माणूस गेला, आणि नवा प्रेक्षक नेहमी त्याच्यातूनच येतो. २०२६ पासून वेगळी वर्गणी काढून टाकून सामने ॲपल टीव्हीच्या नेहमीच्या वर्गणीत आणले, हे उशिरा सुचलेलं शहाणपण.

अकादमीच्या, म्हणजे क्लबच्या मुलांच्या प्रशिक्षणाच्या, बाबतीत दुखणं उलटं आहे: इथे माल तयार होतो, पण भाव मिळेलच असं नाही. व्हँकुव्हरने चौदाव्या वर्षी घेतलेला अल्फोन्सो डेव्हिस २०१८ मध्ये जर्मनीच्या बायर्न क्लबला विकला, तेव्हाची लीगमधली विक्रमी रक्कम मिळाली. त्याउलट वेस्टन मॅकेनी डॅलसच्या अकादमीत वाढला आणि २०१६ मध्ये जर्मनीच्याच शाल्केला गेला. व्यावसायिक करारावर सही झालेली नसल्यामुळे डॅलसला दमडी मिळाली नाही. म्हणून आता क्लब पंधरा-सोळाव्या वर्षीच करार पुढे करतात. पण मुलगा चांगला असेल तर त्याला खेळवलंही पाहिजे, आणि प्लेऑफच्या शर्यतीतला प्रशिक्षक सतरा वर्षांच्या पोराला उतरवायला बिचकतो. खालच्या श्रेणीत घसरायची भीती या लीगमध्ये नाही. तळाच्या क्लबांनी तरी मुलांना मोकळेपणी खेळवायला हरकत नसते. दिसतं असं की तळाचे क्लब शांतपणे वाट पाहतात, आणि ना मुलं घडतात ना गुण मिळतात.

कॅलेंडरची उलथापालथ

एमएलएसचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपतो. युरोपची मुख्य खरेदी उन्हाळ्यात होते, म्हणजे एमएलएसच्या ऐन मध्यावर. चांगला खेळाडू जुलैत विकला तर उरलेला हंगाम हातचा जातो, न विकला तर जानेवारीत कमी भाव येतो. युरोपातले करार ३० जूनला संपतात, इथले ३१ डिसेंबरला. भरीला प्लेऑफ नेमके अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात, आणि नोव्हेंबरमधल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मध्येच थांबवावे लागतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मालकांनी बदलाला मंजुरी दिली. नवा हंगाम जुलै २०२७ मध्ये सुरू होऊन मे २०२८ मध्ये संपेल, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी. मधली फट भरायला फेब्रुवारी ते मे २०२७ असा चौदा सामन्यांचा छोटा हंगाम.

कागदावर हे सोपं दिसतं. मिनेसोटा, मॉन्ट्रियल, टोरंटोच्या माणसाला विचारा. डिसेंबरच्या पूर्वार्धात आणि फेब्रुवारीत तिथे मैदान गोठलेलं असतं. मिनेसोटाच्या मैदानाखाली उष्णता देणाऱ्या नळ्या आहेत, सगळ्यांकडे नाहीत. खुर्च्यांखाली अशा नळ्या कुठेच नाहीत. या क्लबांना कडाक्यात सलग बाहेरचे सामने दिले तर प्रवास वाढतो, आणि इथला प्रवास म्हणजे चेष्टा नव्हे: व्हँकुव्हर ते मायामी सुमारे साडेचार हजार किलोमीटर, श्रीनगर ते कन्याकुमारी या हवाई अंतराच्या दीडपट. वर तीन तासांचा वेळेचा फरक.

कचेरीतलं काम तर विचारूच नका. वार्षिक तिकिटांचं नूतनीकरण आजवर शरद ऋतूत होत आलं, ते आता वसंतात आणायचं. चौदा सामन्यांच्या तिकिटाला किती आकारायचं आणि वार्षिक सवलतीत ते धरायचं का, हे आताच ठरवायचं. जर्सीवरच्या प्रायोजकांचे करार कॅलेंडर वर्षाचे, तेही सहा महिने पुढेमागे करायचे. स्टेडियम उन्हाळ्यात मोकळं राहिलं तर संगीताच्या कार्यक्रमांना तारखा मिळतील, पण भाडेकरू क्लबाला त्यातलं काही मिळणार नाही. त्याला उलट सप्टेंबर ते डिसेंबर अमेरिकन फुटबॉलवाल्यांशी रविवारच्या तारखांवरून भांडावं लागेल. आणि खेळाडू संघटनेबरोबरचा सामूहिक करार २०२१ मध्ये ठरला, तो जुना हंगाम गृहीत धरून २०२७ पर्यंतचा. मर्यादा, किमान पगार, ॲलोकेशन मनी, सगळे आकडे त्याच करारातले. साडेतीन महिन्यांच्या हंगामात एखाद्या ताऱ्याचा आकार किती धरायचा, हे गणित क्लबच्या हिशेबनिसांना २०२७ च्या पहिल्या शिट्टीआधी सोडवून हवं आहे.